पासिंगला परत आलेली गाडी: ब्रेक, दिवे आणि आठ दिवसांची सवड

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका यंत्रमाग कामगाराची ही गाडी. १०० सीसी, एमएच-१३ पासिंग, किक स्टार्ट, पुढे-मागे ड्रम ब्रेक, १२ व्होल्टची अडीच अँपिअर-तासाची छोटी बॅटरी. घर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि परत, वाटेत बाजार, असं रोजचं बावीस-तेवीस किलोमीटर धावणं. रात्रपाळी असली की परतीचा रस्ता अंधारातला, त्यामुळे हेडलाइट आणि मागचा दिवा यांची त्यांना आरटीओच्या तपासणीपलीकडेही गरज होती.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षं चालते. पुढे नमुना २५ मध्ये अर्ज करून, गाडी दाखवून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत हा अर्ज करता येतो. या मालकांच्या लक्षात आलं तेव्हा तीन आठवडे उरले होते. विमा आणि पीयूसी चालू होते, नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली होती. म्हणजे कागदांची बाजू भक्कम होती, राहिली होती ती गाडी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढे ती दोनदा आडवी आली. दोन वर्षांपूर्वी चेसिसला गंज धरला म्हणून ती रंगवून घेतली होती.

पहिली फेरी

तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी गल्लीतल्या गॅरेजला गेली. दुपारभरात झालेलं काम असं: पुढचा ब्रेक लागत नव्हता म्हणून केबल ताणली, तरी लिव्हर मुठीला टेकत होता म्हणून ब्रेकचा आर्म (केबल ओढते तो बाहेरचा दांडा) कॅमवर, म्हणजे फिरून आतले लायनर ड्रमवर दाबणाऱ्या भागावर, एक खाच मागे बसवला. मागच्या ब्रेकचा नट आवळला. हेडलाइट मंद होता, तिथे एलईडी बल्ब घातला. हॉर्न बसक्या आवाजात वाजत होता आणि इंडिकेटर रेंगाळत होते, त्यावर निदान झालं, "मालक, बॅटरी संपली, नवीन टाका." बॅटरीचा खर्च मालकांनी पुढे ढकलला. तो निर्णय योगायोगाने बरोबर ठरला.

तपासणीत गाडी परत आली. चार शेरे होते. पुढचा ब्रेक कमजोर. ब्रेक न दाबता ब्रेक लाइट सतत चालू. हेडलाइट डिपरवरही समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. चेसिस नंबर नीट वाचता येत नाही.

खरी अडचण कुठे होती

दुसऱ्या गॅरेजमध्ये आधी फक्त तपासणी झाली, दुरुस्ती नाही. दोन तास लागले आणि चित्र बदललं.

आधी ब्रेक लाइट. मागचा ब्रेक स्विच पेडलला एका बारीक स्प्रिंगने जोडलेला असतो. पेडल खाली गेलं की स्प्रिंग स्विचची दांडी ओढते. इथे पेडलची पिन कोरडी पडून गंजली होती, पेडल वर येताना शेवटच्या सेंटिमीटरला अडकत होतं आणि स्विच ओढलेलाच राहत होता. ब्रेक लाइटच्या बल्बमधली तार २१ वॉटची, म्हणजे जवळपास पावणेदोन अँपिअर. अडीच अँपिअर-तासाच्या बॅटरीला हे ओझं फार आहे. सिग्नलवर, कमी वेगात चार्जिंग पुरत नाही आणि बॅटरी उतरत जाते. याच बॅटरीवर हॉर्न आणि इंडिकेटर चालतात. म्हणून हॉर्न बसला होता. नवीन बॅटरी टाकली असती तर महिनाभर सगळं ठीक वाटलं असतं आणि मग तीही उतरली असती.

हेडलाइटचं दुखणं वेगळं होतं. या जातीच्या जुन्या गाड्यांत हेडलाइट आणि मागचा छोटा दिवा बॅटरीवर नसतात. ते मॅग्नेट कॉइलमधून येणाऱ्या एसी प्रवाहावर चालतात, म्हणून आयडलिंगला मंद आणि रेस दिली की उजळ. ते नैसर्गिक आहे. पण इथे रेस देऊनही उजेड अर्धाच होता. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक बल्बच्या होल्डरच्या हिरव्या वायरला (अर्थ, म्हणजे प्रवाह परत नेणारी) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं, दिवा चालू, इंजिन मध्यम रेसवर. मीटरने १.९ व्होल्ट दाखवले. अर्थची वायर चांगली असेल तर हा आकडा शून्याच्या जवळ हवा, अर्ध्या व्होल्टच्या आत तरी. जवळपास दोन व्होल्ट वाटेतच गळत होते, आणि बल्बच्या तारेचा स्वभाव असा की व्होल्टेज सहाव्या हिश्शाने घटलं की उजेड जवळपास निम्म्यावर येतो. कारण टाकीखाली सापडलं. चेसिस रंगवताना अर्थचा बोल्ट काढला होता आणि वायरची रिंग परत रंगावरच आवळली होती.

एलईडीने ते झाकलं आणि वर दोन दोष वाढवले. एसीवर तो लुकलुकत होता. शिवाय जुन्या रिफ्लेक्टरची घडण हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी असते. एलईडीच्या चकत्या त्या जागी नसतात, झोत विखुरतो आणि डिपरचा अर्थच उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ यावर स्पष्ट आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला चकाकी लागता कामा नये. समोरून स्कूटरवर येणाऱ्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात.

राहिला पुढचा ब्रेक, आणि तिथे सगळ्यात धोक्याचं काम झालेलं होतं. कॅमच्या दांड्यावर आणि आर्मवर एकेक ठिपका ठोकलेला असतो. दोन्ही समोरासमोर हवेत. ते एका खाचेने सरकलेले होते. आर्म असा मागे घेतला की केबलला पुन्हा ओढ मिळते आणि लिव्हर घट्ट लागतो, म्हणून ही युक्ती सर्रास केली जाते. तिचे परिणाम मात्र वाईट. या गाडीत झीज दाखवणारा बाण आर्मवरच आहे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो प्लेटवरच्या त्रिकोणी खुणेला भिडला की लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा थर) संपले असं समजायचं. आर्म सरकवला की बाण खोटं बोलू लागतो. लायनर पातळ झाल्यावर कॅमला जास्त फिरावं लागतं, आणि तो फार फिरला तर आडवा होऊन अडकू शकतो. मग लिव्हर सोडूनही चाक सुटत नाही. पुढच्या चाकाचं असं झालं तर स्वार हँडलवरून फेकला जातो.

समोरचे पर्याय

तीन वाटा होत्या. पहिली, मुदत टळू नये म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी परत दाखवायची: स्विच मोकळा करायचा, हॅलोजन घालायचा, लायनर बदलून थेट निघायचं. मुदत उलटली तर नूतनीकरणाला दरमहा दंड लागतो, त्यामुळे मालकांचा कल इकडेच होता. दुसरी, पुढचं चाक हबसकट बदलायचं आणि पुढचा ब्रेक एकदम नवा करायचा. खर्चाचा आकडा ऐकून ती वाट लगेच बंद झाली, आणि पुढे कळलं की गरजही नव्हती. तिसरी, दोन्ही चाकं खोलून नीट काम करायचं आणि दहा दिवसांनंतरची तारीख घ्यायची.

पहिल्या वाटेत मोठी खोच होती ती नव्या लायनरची. जुना ड्रम झिजून किंचित मोठा झालेला असतो. नव्या लायनरची गोलाई मूळ मापाची. त्यामुळे सुरुवातीला लायनर मधल्या पट्ट्यातच टेकतो, टोकं अधांतरी राहतात. लिव्हर कडक लागतो, गाडी मात्र थांबत नाही. लायनर ड्रमला घासून बसायला दीडशे-दोनशे किलोमीटर जातात. संध्याकाळी लायनर टाकून सकाळी तपासणीला गेलेल्या किती तरी गाड्या "ब्रेक कमजोर" या शेऱ्याने परत येतात आणि गॅरेजवाल्याला वाटतं माल खराब निघाला. माल चांगला असतो, त्याला धावायला मिळालेलं नसतं.

रोजच्या बावीस किलोमीटरने आठ दिवसांत पावणेदोनशे किलोमीटर होणार होते. मुदतीला अजून अठरा दिवस होते. तिसरी वाट ठरली.

ब्रेकचं काम

पुढचं चाक उतरवलं. ड्रममधली काळी भुकटी हवेच्या झोताने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ छातीत जाते. अनेक गॅरेजांत कॉम्प्रेसरची नळी थेट ड्रमवर धरतात, ते बंद व्हायला हवं.

लायनरची जाडी एका टोकाला दीड मिलिमीटर निघाली. २ मिलिमीटरच्या खाली लायनर ठेवू नये. ड्रमचं मूळ माप १३० मिलिमीटर, कमाल मर्यादा १३१. ती हबवर कोरलेली असते. आतून तीन दिशांनी मोजल्यावर सगळ्यात मोठं माप १३०.६ आलं. इथे निर्णय घ्यायचा होता. लेथवर (कातण्याच्या यंत्रावर) ड्रम साफ करून घ्या असा सल्ला आला होता. लेथने कड आणि ओरखडे जातात खरे, पण अर्ध्या मिलिमीटरचा काप घेतला तर व्यास १ मिलिमीटरने वाढतो आणि ड्रम मर्यादेबाहेर जातो. म्हणून लेथ टाळला. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ड्रमची चकाकी आडव्या-तिरप्या हातांनी मोडली आणि काठावरची उभी कड तेवढी पेपरनेच उतरवली.

कॅम बाहेर काढला. तो कोरडा होता, एका बाजूने गंजलेला. साफ करून कॅमच्या दांड्याला, तोंडाला आणि शूच्या (लायनर ज्यावर बसवलेला असतो त्याच्या) पिनला उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा नुसता हात लावला. इथे ग्रीस जास्त झालं की गरम होऊन लायनरवर उतरतं. आर्म ठिपक्याला ठिपका जुळवून बसवला. केबलच्या आतल्या तारेचे दोन धागे लिव्हरच्या टोकाशी तुटलेले होते, म्हणून केबल नवीन घेतली. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि आर्म यांच्यातला कोन काटकोनाच्या आसपास यायला हवा, तो आला.

चाक चढवताना एक छोटी गोष्ट केली जी पाच सेकंदांची आहे आणि बहुतेक जण विसरतात. अ‍ॅक्सलचा नट हाताने लावून, लिव्हर पूर्ण दाबून धरला आणि तो दाबलेला असतानाच नट आवळला. त्यामुळे ब्रेक प्लेट ड्रमच्या मध्यावर येते आणि दोन्ही लायनर सारखे टेकतात.

मागच्या चाकात वेगळाच प्रकार. लायनरची जाडी पुरेशी होती पण तो तेलाने काळा-चकचकीत झालेला. किर्र आवाज येतो म्हणून कुणीतरी बाहेरून कॅमच्या फटीत तेल सोडलं होतं. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, पेपर मारून वापरला जातो. दोन दिवस चालतो, गरम झाला की आतलं तेल पुन्हा वर येतं. तो टाकूनच दिला. टॉर्क रॉडच्या (ब्रेक प्लेटला जागी धरणाऱ्या दांडीच्या) नटाला स्प्लिट पिनच (नट गळू न देणारी दोन पायांची पिन) नव्हती, तिच्या जागी तारेचा वेढा होता. हा नट गळून पडला तर ब्रेक दाबताच संपूर्ण प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल-रॉड तोडते आणि चाक जाम होतं. योग्य मापाची नवी पिन घातली, दोन्ही पाय दुमडले. मग चेन सैल-घट्ट पाहिली आणि चाक सरळ केलं, कारण चेन ओढल्यावर मागचा ब्रेक आपोआप आवळला जातो. ब्रेकचं माप त्यानंतरच घ्यायचं.

मापं अशी ठेवली: पुढच्या लिव्हरच्या टोकाला १५ मिलिमीटर मोकळीक, मागच्या पेडलला २५. चाक अधांतरी हाताने फिरवल्यावर हलकी सळसळ चालेल, अडकणं चालणार नाही.

दिव्यांचं काम

क्रम महत्त्वाचा होता: आधी पेडलची पिन काढून साफ करून ग्रीस, मग पेडलची मोकळीक, आणि सगळ्यात शेवटी ब्रेक स्विच. उलट केलं तर पेडल हलवल्यावर स्विचचं माप पुन्हा बिघडतं. स्विचचं शरीर धरून त्याचा नट फिरवायचा. शरीर फिरू द्यायचं नाही, नाहीतर आतल्या वायरी पिळल्या जातात. ब्रेक चाकाला पकडायच्या किंचित आधी दिवा लागावा, पेडल सुटलं की लगेच विझावा. पुढच्या लिव्हरचा स्विच वेगळा तपासला, तो ठीक होता.

मागच्या बल्बच्या दोन पिना मुद्दाम वर-खाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. जोर लावून उलटा बसवला तर रात्री मागचा दिवा प्रखर होतो आणि ब्रेक दाबला की फिका. इथे बल्ब उलटा नव्हता. होल्डरची ताणलेली पितळी पट्टी सरळ करून बल्ब नीट बसवला.

अर्थची रिंग काढून बोल्टखालचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडला, रिंग चकचकीत केली, आवळून वरून व्हॅसलीन लावलं. मीटर पुन्हा लावला: ०.२ व्होल्ट. ३५/३५ वॉटचा मूळ हॅलोजन बल्ब घातला, आणि त्याच्या उजेडापुढे एलईडीची आठवणही कुणाला झाली नाही. एसी लाइनवर रेस देऊन व्होल्टेज पाहिलं, कारण रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलेला असेल तर जोरात रेस दिल्यावर हेडलाइट आणि मागचा बल्ब वारंवार उडतात. तो ठीक होता. बॅटरी बाहेर काढून रात्रभर हळू चार्ज केली. सकाळी १२.६ व्होल्ट, आणि गाडी चालू असताना रेसवर १४.२. हॉर्न आणि इंडिकेटर दोन्ही आपोआप सुधारले.

झोताची उंची पांढऱ्या भिंतीसमोर लावली. टायरमध्ये हवा बरोबर, गाडीवर मालक बसलेले, स्टँड काढलेला, भिंतीपासून ५ मीटर. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि डिपरच्या झोताची वरची कड त्या रेषेच्या चार बोटं खाली आणली. स्टँडवर उभ्या गाडीचा झोत लावला तर माणूस बसल्यावर मागचं शॉक दबतं आणि तोंड वर होतं. ही चूक फार होते.

चेसिस नंबर

रंगाखाली अंक बुजले होते. पॉलिश पेपर जवळच पडला होता आणि हात तिकडे जाणं साहजिक होतं, पण तिथे पेपर किंवा कानस लावायची नाही असं ठरलं. अंकांभोवतीचा धातू घासलेला दिसला तर नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय येतो आणि साधं प्रकरण भलत्या दिशेला जातं. कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून दहा मिनिटं अंकांवर ठेवला, मऊ ब्रशने रंग सोडवला, मग कागद ठेवून पेन्सिल फिरवून ठसा घेतला. सगळे अंक आले. उघड्या धातूवर तेलाचा पातळ हात दिला.

आठ दिवस

मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगातून दोन्ही ब्रेक लावून थांबायचं अंतर टेपने मोजलं. काम करण्यापूर्वी १४ मीटर. नवे लायनर टाकल्याच्या संध्याकाळी १०. आठ दिवसांनी, १७० किलोमीटरनंतर, साडेसात. मधल्या दिवसांत मालकांना एवढंच सांगितलं होतं की मध्यम वेगातून मध्यम दाबाने थांबत राहा, ब्रेकवर पाय टेकवून गाडी चालवू नका, कारण सतत घासून लायनर तापला की वरचा थर काचेसारखा होतो.

तपासणीच्या आदल्या रात्री एक राहिलेली गोष्ट उघडी पडली. अंधारात नंबर प्लेट दिसत नव्हती. मागच्या दिव्याच्या लेन्सला खाली एक पारदर्शक पट्टी असते, त्यातून प्लेटवर उजेड पडतो. कधीतरी बसवलेली लोकल लेन्स पूर्ण लाल होती. सकाळी दुकान उघडताच मूळ नमुन्याची लेन्स आणून लावली.

निकाल

दुसऱ्या तपासणीत एकही शेरा आला नाही. अप्पर-डिपर, चारही इंडिकेटर, हॉर्न, दोन्ही ब्रेकवर लागणारा मागचा दिवा, गाडी चालवून ब्रेक, मग नंबरांची पडताळणी. नोंदणी ५ वर्षांसाठी वाढली. दोन लायनर जोड्या, केबल, बल्ब, लेन्स, पिना आणि मजुरी धरून खर्च अठराशे रुपयांच्या आत राहिला. नवी बॅटरी त्यात नाही, कारण ती लागलीच नाही. वाया गेले ते एलईडीचे पैसे आणि एका पाळीची मजुरी.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या गॅरेजने चाक न खोलता ब्रेक "लावून" दिला, हा या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय. पंधरा वर्षांच्या गाडीचे ड्रम तपासणीआधी उघडायलाच हवेत. बाहेरचा नट फक्त मोकळीक सांगतो, लायनरची अवस्था सांगत नाही. मालकांच्या बाजूने, साठ दिवसांची खिडकी उघडताच गाडी दाखवली असती तर मुदतीची धास्ती राहिली नसती. चेसिस रंगवताना अर्थचे बोल्ट आणि चेसिस नंबर चिकटपट्टीने झाकले असते तर चारपैकी एक शेरा आलाच नसता आणि हेडलाइटचा मूळ दोषही उद्भवला नसता. दुसऱ्या गॅरेजकडूनही एक गोष्ट सुटली: दिवसाउजेडी दिवे तपासले, रात्री एकदाही नाही. लेन्सचं दुकान सकाळी बंद असतं तर तारीख हातची गेली असती.

एक महिन्याने पुढच्या लिव्हरची मोकळीक २५ मिलिमीटरवर गेलेली आढळली. लायनर ड्रमला पूर्ण बसल्याने एवढी सैल होणं अपेक्षितच होतं. केबलच्या नटाने ती पुन्हा १५ वर आणली. आर्म जागचा हलवला नाही, आणि बाण त्रिकोणापासून अजून बराच लांब आहे.